बदनाम नाव

भिलाईतल्या सुपेला भागात कोचिंग क्लास चालवणारे हेमराज सर माझा ब्लॉग विकत घ्यायला घरी आले. तीन वर्षांपासून मी त्यावर इथल्या क्लासेसबद्दल खरंखरं लिहिते आणि हल्ली लोक मला तिथेच धुऊन काढतात. मी अजून सतराची, म्हणून सरांनी करारनामा बाबांपुढे ठेवला आणि उपकार केल्यासारखे आपल्या फोनवर ब्लॉगखालच्या कॉमेंट वाचू लागले.

"‘बिकाऊ पोरगी.’ ‘पैसे घेऊन लिहिते.’ पाहा शालिकरामभाऊ, टीनाची किती बदनामी होऊन राहिली! मले देऊन टाका अन् मोकळे व्हा."

बाबा घाबरले. त्यांनी सहीसाठी पेन उघडलं.

मी मात्र करारनामा वाचला. शेवटची अट अशी, की ब्लॉगवर पुढेही माझंच नाव आणि माझाच फोटो राहील, आणि विकल्याचं कोणालाच सांगायचं नाही.

"सर, एवढं बदनाम नाव तुम्हाले कावून पायजे?"

सरांचं तोंड उतरलं. "म्हणजे... लोक तुझ्या नावावर भरोसा करतात ना, बेटा."

बाबांनी पेन बंद केलं. "मंग हे बी लिहा ना सर, तिथं कॉमेंटमध्ये."