कोन-अकरा

"पेपरात आलंय," गोदू म्हणाली, "माज्या मनिषाचं रक्त तुमच्याकडं अजून जितं हाय."

नारळी पौर्णिमेची सुट्टी होती. पनवेलच्या त्या प्रयोगशाळेत फाटकावरचा पहारेकरी सोडला तर कुणी नव्हतं. डॉ. आशालता सणाच्या साडीवरच पांढरा कोट चढवून आल्या होत्या. दारात गोदू, मागे तिची सून नीता. गोदूनं चपला पायरीखाली काढल्या होत्या, देवळाबाहेर काढाव्यात तशा. हातात स्टीलचा डबा.

सत्तावीस वर्षांनी आशालतांनी तिला कपाळावरच्या गोंदणावरून ओळखलं.

"आत या, गोदूताई."

"बाय नाव इसरली नाय," गोदू सुनेला म्हणाली. "आमच्या कोन गावात तवा गुडघाभर चिखल. कुनी डाक्तर फिरकत नव्हता. ही बाय चालत आली. मनिषाचं बोट टोचून हिनंच सांगितलं, मलेरिया हाय." मग आशालतांकडे वळून, "पेपरातल्या फोटूत शाल पांघरून बसलात. मी नीताला बोल्ले, एवढ्या उकाड्यात शाल? बायलापन थंडीताप आला का काय?"

नीतानं सासूचं कोपर हळूच दाबलं. आशालतांना हसू आणता आलं नाही.

"बघू द्याल? लांबून बघेन."

आशालतांनी उबेच्या कपाटाचं दार उघडलं. आत अंगाइतक्याच उबेत चपट्या बाटल्या आडव्या निजवलेल्या. प्रत्येकीच्या तळाशी रक्ताचा पातळ थर. पुढच्या बाटलीवर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी होती : कोन-११.

गोदूनं डबा नीताच्या हातात दिला. तळवा पदराला पुसला आणि बाटलीवर ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा.

"ऊन हाय गो," ती म्हणाली.

याच बाटलीतला जंतू रक्त कसं पचवतो हे उलगडता उलगडता आशालता प्राध्यापक झाल्या होत्या. तीन देशांत बोलून आल्या होत्या. एका नव्या औषधाची वाटही इथूनच निघाली होती. त्यांच्या प्रत्येक निबंधात एक ओळ तीच असे : 'नमुना रुग्णाला औषध देण्याआधी घेतला.' ती कुणी दुसऱ्यांदा वाचत नसे. त्या वाचत.

"गोदूताई, हे मनिषाचं रक्त नाही."

गोदूनं हात काढला नाही.

"तिचं रक्त महिन्याभरातच संपलं. हे रक्तपेढीतलं, परक्या माणसांचं. तिच्यातला तो जंतू... ज्यानं तिला नेलं, तो तेवढा जगलाय. त्याचीच पिलावळ ही."

आता हात मागे आला. गोदूनं तो पदराखाली धरला.

"आणि त्या दिवशी गोळी देऊ नका, असं मीच तुम्हाला..."

"बोल्लात. गोळी पोटात गेली तर जंतू मरतील, रक्त फुकट जाईल. सकाळी येते, रक्त घेते, मंग द्या."

"मी आले ती दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला. रक्त न्यायला मुंबईहून बर्फाची पेटी यायची होती. पेटीसाठी थांबले मी."

"तुमी दिलेली गोळी माज्या पदराच्या गाठीत व्हती," गोदू म्हणाली. "पोरगी पानी मागं, मी पानी देई. पोरगी कण्हं, मी गाठीला हात लावी. सोडली नाय. बाय शिकलेली हाय, बायचा शबुद हाय. गोळी दिली ती तुमच्यासमोरच दिली. उजाडायला पोरगी गेली."

नीता खिडकीबाहेर बघू लागली. कुठूनसा खोबऱ्याचा वास येत होता. डब्याचाच असावा.

"माझं चुकलं, गोदूताई." सत्तावीस वर्षं घोकलेलं वाक्य इतकं लहान निघालं, की त्यांना ते पुन्हा म्हणायचीही लाज वाटली.

गोदू बाटलीकडेच बघत होती.

"याला खायाला काय देता?"

"जुनं पाणी काढायचं. नवं घालायचं, त्यात ताजं रक्त."

"रोज?"

"रोज."

"सनालापन?"

"सणाला पण. म्हणून तर आज आले."

"आन एक दिस नाय दिलं तर?"

"मरेल."

गोदूनं मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आशालतांना मान वर करता आली असती.

"मंग इतक्या वर्सांत याला कवा उशीर नाय झाला?"

कपाटाचं दार उघडंच होतं. ऊब बाहेर जात होती, आशालतांच्या तोंडावर येत होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही."

गोदूनं सुनेच्या हातून डबा घेतला. करंज्या होत्या त्यात, लहान लहान, आठ वर्षांच्या पोरीच्या हातात मावतील अशा. झाकण जरा उचकटलं होतं, ते तिनं तळव्यानं दाबून बसवलं आणि डबा पोटाशी धरला.

"घाला मंग त्याला," ती म्हणाली. "उशीर नका करू."