पहिल्या अंकातलं मरण

आमच्या हौशी नाट्यसंस्थेची दिग्दर्शक माझी बायको, त्यामुळे दर वर्षीची नाटकं तीच निवडते. यंदाच्या तिन्ही नाटकांत मी पहिल्याच अंकात मरतो. एकात विषाने, दुसऱ्यात जिन्यावरून पडून, तिसऱ्यात तर चहा पिता पिता उगाचच. गेल्या वर्षीही हेच. मी मेकअप पुसून घरी जातो आणि तिकडे उरलेले दोन अंक एक देखणा दंतवैद्य माझ्या विधवेची समजूत काढत बसतो. विधवेचं काम अर्थातच बायको करते.

माझ्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल. शेवटी निवडीच्या बैठकीत सगळ्यांदेखत विचारलंच, "मी शेवटपर्यंत जिवंत राहीन असं एकही नाटक तुला सापडलं नाही?"

दंतवैद्य स्वतःचे बूट न्याहाळू लागला. बायकोने हातातली संहिता मिटली.



"चांगली चार सापडली. पण रात्रीच्या जेवणाला आई तुझ्याशिवाय कुणाच्याच हातून घास घेत नाहीत."