मधली जागा

"वर काचेचं छत टाका. उघडणारं," टेरेल म्हणाला, आणि गाड्यांच्या दुकानातल्या विक्रेत्या डस्टिननं संगणकावर तशी खूण केली.

टेबलाशी बसलेल्या रेव्हरंड ओबडाया क्रेन यांनी जोरजोरात मान हलवली. तोंड उघडलं. "बादली," ते म्हणाले, आणि लगेच डोळे मिटून घेतले. बादली म्हणायचं नव्हतं त्यांना.

"असू दे, मामा," टेरेलनं त्यांच्या गुडघ्यावर प्रेमानं थोपटलं. "मी आहे ना."

लुवीनिया नवऱ्याशेजारी मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. हिवाळ्यात मेंदूला झटका आला, तेव्हापासून रेव्हरंडांचे शब्द असे वाट चुकत होते. मीठ मागायला जावं, तर तोंडून घोडा निघायचा. चर्चमधली जुनी गाणी तेवढी शाबूत होती. ती ते न अडखळता म्हणायचे. स्वतःचं म्हणून एक वाक्य काही जमत नव्हतं. मागच्याच आठवड्यात डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली, तेव्हा दवाखान्याबाहेर उभे राहून ते लहान मुलासारखे रडले होते. गुरांचा ट्रेलर ओढून ओढून जुना पिकअप पार खिळखिळा झाला होता. नवा मागवायचा होता, आणि तो त्यांना स्वतः सांगून मागवायचा होता. एवढंच.

"यांना पुढच्या सीटा कशा आवडतील?" डस्टिननं टेरेलला विचारलं.

"दोन वेगळ्या खुर्च्या. कातडी, गरम होणाऱ्या. आणि मधे तो मोठा खण. मामांचं बायबल राहील, मामीचा गार चहा राहील."

"मामीला कुणी विचारलं?" लुवीनिया म्हणाली.

"अगं मामी, राणीसारखी बसशील!"

रेव्हरंडांचा तळहात टेबलावर आपटला. मग पुन्हा आपटला. कपाळाची शीर ताठ झाली होती, ओठ थरथरत होते, आणि शब्द काही येत नव्हता. डस्टिन खाली बघू लागला.

"आज राहू दे का?" टेरेल हळूच म्हणाला. "दमलेत ते."

हात परत आपटला, आणि लुवीनियाच्या कानांनी तो ठोका ओळखला. रविवारचा ठोका होता तो. प्रवचन रंगात आलं की साधं बोलणं मागे पडायचं आणि शब्द सुराला लागायचे. त्याच्या जरा आधी रेव्हरंड व्यासपीठाच्या लाकडावर असाच हात मारायचे. आणि पहिल्या बाकावरून झील धरायची ती लुवीनियानं. जन्मभर तीच धरत आली होती.

तिनं पर्स खाली ठेवली.

"दमानं घ्या, रेव्हरंड," ती सुरात म्हणाली. "दमानं घ्या!"

"मामी, अगं इथे?"

"तू गप रे."

रेव्हरंड टेबलाला धरून उठले. छातीतून आधी नुसता हुंकार आला, खर्जातला, लांब.

"मला हवाऽऽ..."

"काय हवं?"

"हौदा! मला लांऽब हौदा हवा!"

लुवीनियाच्या अंगावर काटा आला. हे कुठल्या गाण्यातलं नव्हतं. हे त्यांचं होतं.

"सांगा, रेव्हरंड!" सुट्या भागांच्या खिडकीतून हाक आली. तिथे सिस्टर इर्मा कामाला होती; रविवारी चर्चमध्ये ती दुसऱ्या बाकावर असायची.

"मागे हवीत, हं! दुहेरी चाकं!"

"दुहेरी!"

"हौद्याच्या मधोमध ट्रेलर अडकवायचा गोळा!"

"मधोमध!"

"तळाला रबर घाल, बाबा, गालिचा नको! शेण मी पाण्यानं धुईन!"

"धुवा, रेव्हरंड!"

"आणि छत, हं! छत लोखंडाचं! ऊन मी जन्मभर खाल्लंय!"

"होय, प्रभू!" हे टेरेलच्या तोंडून निघालं होतं. गाडीचं तेल बदलून मिळायची वाट बघत बसलेला एक म्हातारा पशुपालक टोपी काढून उभा राहिला. डस्टिनची बोटं धावत होती. आधीच्या खुणा पुसत, नव्या करत.

रेव्हरंडांचा आवाज खाली आला. खाली आला की पुढे काहीतरी मोठं असतं, हे रविवारी येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"पुढे खुर्च्या नकोत. खण नको. एकच सीट... या दारापासून त्या दारापर्यंत सलग."

"सलग सीट साध्या कापडातच येते, सर," डस्टिन चाचरत म्हणाला. "ती गरम होत नाही."

"गरम होत नाही म्हणतो हा!" रेव्हरंडांनी हात वर केला, आणि खिडकीतली इर्मा खदखदून हसली. "अरे, विचार तरी! विचार मला, मधेऽऽ कोण बसतं?"

झील धरायची पाळी लुवीनियाची होती. तिला सूर सापडेना. लग्नाच्या दिवसापासून त्या जुन्या पिकअपमध्ये ती दाराकडची जागा रिकामी ठेवून मधे बसत आली होती, त्यांच्या खांद्याला खांदा लावून. रस्त्यानं जाणारे हसायचे. या हिवाळ्यापासून टेरेल त्याच्या गाडीतून न्यायचा, आणि ती मागे बसायची.

"कोण बसतं?"

"मी!" लुवीनिया म्हणाली. आवाज फाटला तिचा. "मी बसते, रेव्हरंड!"

"हीऽऽ बसते!"

ते खाली बसले. खिशातून पांढरा रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं, मान पुसली. टेरेल डोळे पुसत होता.

डस्टिननं टेरेलसमोरचा संगणकाचा पडदा उचलला आणि फिरवून रेव्हरंडांच्या समोर ठेवला. घसा खाकरला.

"आणि रंऽऽग," तो म्हणाला, आणि त्याच्याही नकळत त्याला तोच सूर लागला होता, "रंग कुठला घ्यायचा, रेव्हरंड?"