कमरेची सुपारी

“तिला अडचण आहे, गुरुजी,” शरच्चंद्रांनी स्टुलावर टेकवून ठेवलेल्या फोनला सांगितलं.

“हरकत नाही,” पुण्याहून गुरुजी म्हणाले. “वहिनींच्या जागी कमरेला सुपारी खोचा. बायको पूजेला बसू शकत नसली, की तीच बायको.”

सुपारी तयारच होती; शरच्चंद्रांनी ती खोचली. गणपतीत हेच झालं होतं, लक्ष्मीपूजनालाही हेच. बालीगंजच्या त्या फ्लॅटमध्ये सणवार आला की मीनाक्षीला नेमकी पाळी यायची आणि तिची जागा सुपारी घ्यायची. आज सत्यनारायण होता. हॉलमध्ये बसलेली शरच्चंद्रांच्या बँकेतली मराठी मंडळी समजुतीने इकडेतिकडे बघू लागली. डमडमहून आलेल्या मंजुषाने तर प्रसादाचा शिराही घरूनच करून आणला होता. शरच्चंद्रांनी तिला कालच फोन केला होता. म्हणजे आजची अडचण कालच ठरली होती!

मीनाक्षी बेडरूमच्या दारात उभी होती. सकाळी चहा देताना तिने नवऱ्याला सांगितलं होतं, “उद्या चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा आहे. तुम्ही पूजा करा, मी आल्यागेल्याचं बघते. फक्त आज माझ्याबद्दल खोटं सांगू नका.” शरच्चंद्रांनी चहा संपवून कप खाली ठेवला होता. तिने तो होकार धरला. इतका संसार करूनही बाई नवऱ्याच्या गप्प बसण्याला होकार समजते, याला काय म्हणावं!

“मला पाळी आलेली नाही,” ती म्हणाली. “मी येशूला मानते. म्हणून पूजेला बसत नाही.”

सोवळं नेसलेले शरच्चंद्र पाटावरून ताडकन उठले. “मीनाक्षी, आत जा.”

“नाही जात.”

मंजुषा पदर सावरत उठली. “आम्ही जरा बाल्कनीत…”

“बस, मंजुषा. शिरा आणलास, आता ऐकूनही घे.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सासूबाई कडाडल्या. शहात्तरीच्या सुमनताईंचा आवाज अजून खणखणीत होता. “मला काय ठाऊक नव्हतं? तुझी पाळी गेली तेव्हा रात्ररात्र तुझ्या उशाशी मी बसले होते. तरी दर सणाला विटाळ म्हटलं की मान डोलावत आले. या घराची लाज राखायला सगळे खोटं बोललो, आणि तुला एकटीला खऱ्याची हौस!”

“मी तुला कधी अडवलं?” शरच्चंद्रांचा आवाज फाटला. “दर रविवारी चर्चला गाडीने सोडलं. उन्हात कोपऱ्यावर थांबलो. ओळखीचं कुणी दिसलं तर पेपरमध्ये तोंड खुपसलं. अजून काय करायचं होतं मी? अडचण चार दिवसांत सरते, कुणी काही विचारत नाही. हे कधी सरणार, सांग ना!”

ते थांबायचे हे खरं होतं. बाहेर पडल्यावर तिला आधी त्यांची गाडी दिसायची आणि बरंही वाटायचं. म्हणूनच आज तिचा संताप आवरेना.

“सुरुवातीला चर्चमध्ये मी नुसती मागच्या बाकावर बसायचे. गाणी ऐकायला येते, असं स्वतःलाच सांगायचे. तुम्ही अडचण म्हणालात आणि मी हे दार लावून घेतलं. मग हळूहळू गुडघे टेकायला लागले. तरी घरी आले की दार लावून घ्यायचेच. येशूची लाज नाही वाटत मला. या दाराची वाटते.” ती नवऱ्याकडे वळली. “ख्रिस्ती म्हणण्यापेक्षा बायकोला विटाळशी म्हणणं सोपं वाटतं तुम्हाला? चारचौघांत?”

फोन स्पीकरवर होता, हे सगळ्यांच्याच लक्षातून गेलं होतं. गुरुजी खाकरले.

“यजमान, संकल्प सोडायचा ना? मला पुढे बेंगळुरूची पूजा आहे.”

शरच्चंद्र पुन्हा पाटावर बसले. त्यांनी घाईने पळी उचलली आणि पाणी ताम्हणाबाहेर सांडलं.

“सुपारी आहे ना कमरेला?”

शरच्चंद्रांनी कंबर चाचपली. सुपारी नव्हती. मघाशी ताडकन उठताना ती निसटली होती आणि घरंगळत बेडरूमच्या उंबऱ्याशी, मीनाक्षीच्या पावलांजवळ जाऊन थांबली होती. सगळ्यांनी ती बघितली. उचलायला कुणी उठलं नाही.

मीनाक्षी वाकली. तिने सुपारी उचलली, चौरंगापाशी आली आणि नवऱ्याच्या तळहातावर ती ठेवली.

“ही घ्या तुमची बायको,” ती म्हणाली. “ही रविवारी कुठे जात नाही.”

मग तिने जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची ओढली, पाहुण्यांच्या पुढे मांडली आणि तिच्यावर बसली. तिच्यामागे बेडरूमचं दार सताड उघडं होतं.

“म्हणा,” गुरुजींनी सुरुवात केली, “अस्माकं सहकुटुंबानाम्…”

शरच्चंद्रांनी मूठ मिटली. समोर खुर्चीवर बसलेल्या बायकोकडे बघितलं, मग मुठीकडे बघितलं.

“अस्माकं सहकुटुंबानाम्,” गुरुजी पुन्हा म्हणाले. “हॅलो? यजमान, तुमचा आवाज येत नाहीये.”