तपासनिसाची घरगुती गादी

"ही गादी माझी नोकरी खाणार, वहिनी," तपासनीस म्हणाला आणि त्याने आपली जुनी गादी गुंडाळून खोलीबाहेर लोटली.

वहिनीला पटलं. त्या गादीत दीर एकदा रुतला की सकाळी त्याला दोन्ही हातांनी ओढून काढावं लागायचं. गाद्यांच्या कारखान्यातला तपासनीस, आणि घरी हे असं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. त्यात साहेबांनी परवा स्पष्टच ऐकवलं होतं, की हल्ली तुमच्याच्याने काम होत नाही. येत्या सोमवारी खुद्द मालक येणार. त्यांच्यासमोर जमलं तर ठीक, नाहीतर कायमचं घरी बसायचं.

"मग कारखान्यातलीच एक आणा ना, भाऊजी."

"त्या नकोत. मी स्वतः बनवणार."

वहिनीने फायदे-तोटे बोटांवर मोजले. फायदा एकच, हवी तशी होईल. तोटे मात्र दुसऱ्या हातावर गेले. गोळे होतील, पाठ धरेल, ढेकूण होतील, शेजारीपाजारी हसतील ते वेगळंच. दीर म्हणाला, तो एक फायदा मला पुरे.

तीन दिवस खोलीत कापूस तरंगत होता. वहिनी त्या ढगातून चहा घेऊन यायची, कप कुठेतरी टेकवायची, आणि मग तो दोघांनाही सापडायचा नाही. खाली काथ्या, वर कापूस, मधे जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा. शिवताना त्याने स्वतःची बाहीही गादीत शिवून टाकली. त्याचा दादा कात्री घेऊन येईपर्यंत बिचारा तासभर गादीला मिठी मारून पडला होता.

पहिल्याच पहाटे एक स्प्रिंग सुटली आणि उशी उडून कपाटावर जाऊन बसली.

वहिनीने गादीवाल्याला बोलावलं. तो गादीवर बसला आणि चटका बसल्यासारखा उठला. म्हणाला, असली गादी मी माझ्या जावयालाही देणार नाही, आणि जावयाशी माझं बोलणं बंद आहे. फुकटात नीट करून देतो म्हणाला, तर तपासनिसाने त्याला हात जोडून दारापर्यंत पोचवलं.

"छान झालीये," तो कंबर धरून म्हणाला. वहिनी काय समजायचं ते समजली. आपला तो बाब्या.

रविवारपर्यंत तपासनीस जमिनीपासून वीतभर वरून चालू लागला होता. पायऱ्या लोण्यासारख्या मऊ लागायच्या, भिंती संथ श्वास घ्यायच्या. रस्त्यातल्या दिव्याच्या खांबाला त्याने "आधी तुम्ही" म्हणून वाट करून दिली. खांब हलेना, तेव्हा तोही अदबीने थांबून राहिला. शेवटी दादाने दंडाला धरून घरी आणला.

सोमवारी सकाळी वहिनीने दार अडवलं.

"भाऊजी, आज रजा टाका. मालकांसमोर डोळा लागला तर?"

तो लांब कुठूनतरी हसला, म्हणाला, बघू या, आणि तरंगत निघून गेला.

कारखान्यात मालक आणि साहेब खुर्च्या मांडूनच बसले होते. तपासनिसाने नमस्कार केला, चपला काढल्या, समोरच्या नव्याकोऱ्या गादीवर आडवा झाला आणि तिसऱ्या श्वासाला घोरू लागला.

मालकांनी घड्याळ पाहिलं. "वा, याची नोकरी पक्की," असं ते म्हणतायत तोच साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, मालक," ते कुजबुजले. "माणूस कामावर आहे."