ताईची झोप

चौथ्या दिवशी दुपारी, खिंडीखालच्या पडक्या दगडी घरापाशी कुंदाने पाठीवरची सॅक टाकली आणि ती मटकन खाली बसली.

“हेमा, मला नाही बघायचं ते तुझं जुनं शहर. मला झोपायचंय.”

हेमाचा चेहरा पडला. मिरजेत अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं कुंदाताईने एकटीने केलं होतं. आई गेल्यावर अमेरिकेत राहणाऱ्या हेमाने मोठ्या हौसेने तिला अँडीजच्या या ट्रेकला आणलं होतं. आता शहर अवघ्या तीन तासांवर होतं.

“ताई, इतकं चाललीस, आता थोडक्यासाठी...”

“आईच्या वेळीही तू फोनवर हेच म्हणायचीस. थोडेच दिवस राहिलेत, ताई.”

हेमाने तिची सॅक उचलून भिंतीला टेकवली.

वाटाड्या होनोरातो म्हणाला, “पूर्वी त्या शहराच्या राजाचे निरोपे धावून दमले की इथेच टेकायचे, असं आमचे म्हातारे सांगतात. पण आता थांबलो तर शहराचा दरवाजा बंद होईल. उद्याचा परवाना आपल्याकडे नाही.”

तोवर कुंदा उन्हाने तापलेल्या फरशीवर बुटांसकट आडवी झाली होती. बघता बघता घोरूही लागली.

“होऊ दे बंद,” हेमा म्हणाली. “ती उठली की सावकाश खाली उतरू.”

आईच्या आजारपणात हेमा एकदाही उशाशी बसली नव्हती. आता ती ताईच्या डोक्याशी बसली, आपली सावली तिच्या तोंडावर पडेल अशी. ऊन सरकलं तशी तीही सरकत राहिली.