विझलेला लाल दिवा

सर्जेरावांनी वीजकेंद्रातल्या पॅनलवर हसनाबाद लाइनचा दांडा खाली ओढला. लाल दिवा विझला. लगेच हसनाबादला फोन लावून त्यांनी लाइनमन वसंताला सांगितलं, "लाइन बंद केली रे. चढ आता खांबावर."

फोन ठेवला आणि त्यांची नजर पुन्हा पॅनलवर गेली. लाइन बंद झाली की लालच्या जागी हिरवा दिवा लागायला हवा. तो लागलाच नव्हता.

त्यांनी शेजारच्या लाइनचा बल्ब काढून लालच्या जागी बसवला. तो भक्कन पेटला. दांड्याच्या हिसक्यानं नुसता बल्ब उडाला होता; आतला स्विच सुटलाच नव्हता, लाइन जिवंतच होती.

पुन्हा फोन लावला. तिकडून ऑफिसचा शिपाई म्हणाला, "वसंता तर कव्हाच गेला सायकल घेऊन."

सर्जेरावांनी कुणालाही न विचारता मेन स्विच पाडला. सगळ्या गावांची वीज गेली. फोनमागून फोन येऊ लागले, जो तो वीज का गेली म्हणून खडसावत होता. वसंताचा फोन लागावा म्हणून ते प्रत्येक फोन लगेच खाली ठेवत होते. शेवटी वसंताचा आवाज आला.

"दादा, मी अर्ध्या खांबावर व्हतो, तेवढ्यात खालची पिठाची गिरणी थांबली. कायतरी गडबड हाय म्हणून उतरलो, अन् गिरणीतूनच फोन लावला."

"गिरणी चालू व्हती, अन् तरी चढलास?" सर्जेराव ओरडले.

"डिझेलवर चालून राह्यली असंल, असं वाटलं. तुमी लाइन बंद केली म्हणले व्हते ना."